विश्लेषण : तुकाराम ओंबळे यांचा सन्मान एका रात्रीचा, की आयुष्यभराच्या सेवेचा?

नोव्हेंबर उजाडला की सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांचे छायाचित्र मोबाइलवर फिरू लागते. खाली दोन ओळी असतात : हाती फक्त काठी, समोर एके-४७, तरी त्यांनी कसाबला सोडले नाही. हे खरेच आहे आणि ते विसरता कामा नये. पण त्या दोन ओळींत ओंबळे यांची सैन्यातील नोकरी नाही, पोलीस दलातील १७ वर्षे नाहीत. हाती फक्त काठी का होती, हा प्रश्नही नाही. शहीद पोलिसाचा सन्मान करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे समजून घेण्यासाठी ओंबळे यांच्याइतके ठळक उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

तुकाराम ओंबळे कोण होते?

सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यातील केडंबे हे त्यांचे गाव. सातारा हा सैनिकांचा जिल्हा. येथील एका गावाच्या, अपशिंगेच्या, नावापुढेच ‘मिलिटरी’ लागते. देशातील पहिल्या सैनिकी शाळांपैकी एक १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली. डोंगरातल्या तुटपुंज्या शेतीवर घर चालत नाही म्हणून जावळीतील तरुणांपुढे पिढ्यानपिढ्या दोनच वाटा राहिल्या : सैन्य किंवा मुंबई. ओंबळे यांनी दोन्ही वाटा चालल्या. ते भारतीय सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे दळणवळण सांभाळणाऱ्या दलात होते आणि नाईक या हुद्द्यावरून निवृत्त झाले. त्यानंतर १९९१ मध्ये ते मुंबई पोलीस दलात शिपाई म्हणून दाखल झाले. २००८ मध्ये ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात सहायक पोलीस उपनिरीक्षक, म्हणजे सहायक फौजदार होते. अनेक ठिकाणी त्यांचा उल्लेख अजूनही ‘हवालदार’ किंवा ‘कॉन्स्टेबल’ असा होतो. गणवेशात पुन्हा तळापासून सुरुवात करून मिळवलेला हुद्दा निदान बरोबर लिहिणे, ही सन्मानाची अगदी पहिली पायरी आहे.

गिरगाव चौपाटीवर त्या रात्री काय घडले?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी मुंबईत घुसले होते. त्यातील अजमल कसाब आणि अबू इस्माइल यांनी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार केला, नंतर ते कामा रुग्णालयात शिरले. तेथून बाहेर पडल्यावर जवळच्या गल्लीत त्यांनी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर या अधिकाऱ्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या आणि तीच गाडी घेऊन ते निघाले. मागच्या बाजूला जखमी होऊन पडलेले पोलीस कर्मचारी अरुण जाधव यांनी दहशतवाद्यांनी गाडी सोडल्यावर बिनतारी संचावरून घडलेला प्रकार कळवला. तोवर दोघांनी एक स्कोडा गाडी बळकावली होती.

स्कोडाचे वर्णन चौपाटीवरील नाकाबंदीपर्यंत पोहोचले होते. मध्यरात्रीनंतर, साडेबाराच्या सुमारास, ती गाडी तेथे आली. अडथळे पाहून चालवणाऱ्याने दिवे प्रखर केले, काचेवर पाणी सोडून वायपर चालू केले, जेणेकरून आतले काही दिसू नये. गाडी वळवण्याच्या प्रयत्नात ती दुभाजकावर आदळून अडकली. गोळीबार सुरू झाला आणि त्यात अबू इस्माइल मारला गेला. कसाब दुसऱ्या बाजूने बाहेर आला तेव्हा ओंबळे पुढे झाले आणि त्यांनी त्याच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या शरीरात शिरल्या, पण नळी इतरांकडे वळली नाही. तेवढ्या वेळात सहकाऱ्यांनी कसाबला काठ्यांनी मारून जमिनीवर पाडले. सहायक निरीक्षक संजय गोविलकर या झटापटीत जखमी झाले. ओंबळे वाचले नाहीत.

येथे एक बाब सहसा सुटते. चौपाटीवर कमांडो नव्हते. दिल्लीहून निघालेले राष्ट्रीय सुरक्षा रक्षक (एनएसजी) दल सकाळी मुंबईत कारवाईसाठी उतरले. रात्रीचे काम केले ते एका साध्या पोलीस ठाण्याच्या माणसांनी. रस्त्यावर लावलेले अडथळे, बिनतारी संचावर वेळेत आलेला निरोप आणि जागा न सोडणारी माणसे एवढ्यावर ते निभावले. सिग्नल कोअरचे ब्रीद ‘तीव्र चौकस’ असे आहे. निरोप ऐकायचा, समजून घ्यायचा आणि त्यावर तत्काळ कृती करायची, हे ज्याने सैन्यात वर्षानुवर्षे केले, त्याला नाकाबंदीवरच्या त्या निरोपाचे मोल वेगळे सांगावे लागले नसणार.

कसाब जिवंत सापडला नसता तर?

हल्लेखोरांकडे हिंदू नावांची बनावट ओळखपत्रे होती. दहाही जण मारले गेले असते तर ती ओळखपत्रे आणि तर्कवितर्क एवढेच मागे उरले असते. कसाब जिवंत असल्याने कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या कटाचा धागा त्याच रात्रीपासून उलगडू लागला. आधी कानावर हात ठेवणाऱ्या पाकिस्तानला जानेवारी २००९ मध्ये तो आपलाच नागरिक असल्याचे मान्य करावे लागले.

खटल्यातही चौपाटीवरील घटना कळीची ठरली. डिसेंबर २००९ मध्ये कसाबने आपला कबुलीजबाब फिरवला. आपण हल्ल्याच्या आधीच मुंबईत आलो होतो, जुहूच्या किनाऱ्यावर पोलिसांनी पकडले आणि प्रकरणात गोवले, असा त्याचा दावा होता. त्याला कोठे आणि कसे पकडले हे सांगणारे जिवंत साक्षीदार होते, म्हणून तो दावा टिकला नाही. आर्थर रोड कारागृहातील विशेष न्यायालयाने मे २०१० मध्ये त्याला दोषी ठरवून फाशी सुनावली. त्याच निकालात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद या दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडण्यात आले. उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये फाशी कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली.

१६६ माणसे मारणाऱ्या हल्ल्यातील आरोपीला वकील, साक्षीपुरावे आणि अपील मिळाले. तेथवर प्रकरण पोहोचले ते एका सहायक फौजदाराने नळी सोडली नाही म्हणून. ओंबळे यांच्या कृतीने सहकाऱ्यांचे प्राण वाचले हे सगळेच सांगतात. तिने कायद्याच्या राज्याला त्याचे काम करू दिले, हेही तितक्याच ठसठशीतपणे सांगायला हवे. ‘जागीच उडवायला हवा होता’ असे सहज म्हटले जाते. तसे झाले असते तर खटल्यातून सिद्ध झालेले बरेच काही सिद्ध करता आले नसते.

आजवर त्यांचा सन्मान कसा झाला?

२६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोक चक्र जाहीर झाले. शांतताकाळातील शौर्याचा हा सर्वोच्च सन्मान १९५२ मध्ये सुरू झाला. सैनिक, पोलीस किंवा सामान्य नागरिक, कोणालाही तो मिळू शकतो. त्या दिवशी मुंबई पोलिसांतील चौघांना तो मिळाला : करकरे, कामटे, साळसकर आणि ओंबळे. पहिले तिघे अधिकारी होते. चौथा माणूस शिपायापासून वर आलेला होता. पदक देताना हुद्दा पाहिला गेला नाही, ही या सन्मानाची मोठी बाजू.

गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा उभा राहिला. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या प्रजातीला संशोधकांनी ‘आयसियस तुकारामी’ असे नाव दिले. आता जगातील कोणत्याही प्राणिशास्त्रीय यादीत हे नाव कायम राहील. मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने केडंबे येथील स्मारकासाठी १३ कोटी ४६ लाख रुपये मंजूर केले. म्हणजे पदक, पुतळा, प्रजातीचे नाव आणि गावात स्मारक, या रूपांत सन्मान झाला आहे. विसरले गेल्याची तक्रार ओंबळे यांच्याबाबत करता येणार नाही. त्याच रात्री कामा रुग्णालयात प्राण गमावलेले प्रकाश मोरे आणि विजय खांडेकर, छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पडलेले शशांक शिंदे आणि अंबादास पवार यांच्याबाबत मात्र ती करता येईल. किती मुंबईकरांना ही नावे न अडखळता सांगता येतील?

‘हाती फक्त काठी’ ही अभिमानाची गोष्ट आहे का?

ओंबळे यांच्यासाठी ती निश्चितच अभिमानाची आहे. ज्या व्यवस्थेने त्यांना तेथे उभे केले तिच्यासाठी नाही. शौर्यकथा सांगताना आपण नकळत काठीलाच दागिना करून टाकतो. शस्त्र नव्हते म्हणून शौर्य अधिक मोठे, हे खरे. पण त्याचा अर्थ शस्त्र नसणे चांगले होते असा नाही. चौपाटीवर काही अधिकाऱ्यांकडे बंदुका होत्या, पण अंगावर गोळी अडवणारे जाकीट आणि हातात स्वयंचलित रायफलला उत्तर देईल असे शस्त्र घेऊन ही नाकाबंदी उभी नव्हती. समोरून काय येत आहे याची कल्पना तोवर आलेली होती, तरीही.

हल्ल्यानंतर राज्याने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गुप्तचर विभागात काम केलेले व्ही. बालचंद्रन हे दुसरे सदस्य होते. एप्रिल २००९ मध्ये सादर झालेल्या त्यांच्या अहवालाने पोलिसांच्या धैर्याचे कौतुक केलेच, पण शस्त्रे, दारूगोळा, गोळीबाराचा सराव आणि ठरलेल्या कार्यपद्धतीचे पालन यांतील उणिवाही दाखवल्या. सरावासाठी पुरेशा गोळ्याच मिळत नसतील तर बंदूक हातात असून उपयोग काय, हा साधा प्रश्न त्यामागे होता. शौर्याची गोष्ट सांगताना हा अहवाल बाजूला ठेवला, तर ती गोष्ट अपुऱ्या तयारीवर टाकलेले पांघरूण होते.

२००८ नंतर काय बदलले?

बरेच काही बदलले. २००९ मध्ये राज्याने ‘फोर्स वन’ हे स्वतंत्र कमांडो दल उभारले. त्याच वर्षी एनएसजीचे केंद्र मुंबईत आले, त्यामुळे दिल्लीच्या विमानाची वाट पाहण्याची वेळ पुन्हा येऊ नये. शहरभर सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे जाळे पसरले, किनारपट्टीवरील गस्त वाढली, नवी शस्त्रे आली.

मात्र यातील बहुतेक बदल विशेष दलांसाठी आहेत. हल्ला झाला की पहिल्या दहा मिनिटांत घटनास्थळी असतो तो पोलीस ठाण्याचा माणूस. चौपाटीचा मुख्य धडा हाच होता. त्यामुळे सुधारणांचे खरे माप कमांडोंच्या संचलनात सापडणार नाही. नाकाबंदीवर रात्रपाळी करणाऱ्या शिपायाने वर्षभरात किती वेळा गोळीबाराचा सराव केला, त्याच्या ठाण्यातील जाकिटे वापरण्याजोगी आहेत का, त्याचा बिनतारी संच चालतो का, यावर ते ठरेल. हे आकडे ठाणेनिहाय दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवायला हरकत नसावी. सुरक्षेच्या कारणाने तपशील उघड करता येत नसेल तर निदान सरावाचे प्रमाण सांगता येईल.

शिपायाच्या नोकरीचे काय?

ओंबळे यांनी शिपाई ते सहायक फौजदार हा प्रवास १७ वर्षांत केला. अनेकांना हवालदारावरच निवृत्त व्हावे लागत असे. २०२२ मध्ये राज्याने ‘पोलीस नाईक’ हे मधले पद रद्द केले. पायरी कमी झाल्याने शिपाई म्हणून लागलेल्याला निवृत्तीआधी उपनिरीक्षक होता यावे, हा त्यामागचा हेतू. हा निर्णय योग्य दिशेचा आहे.

कामाच्या तासांचा प्रश्न त्याहून जुना आहे. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो पुढे शहरभर नेला. मनुष्यबळ अपुरे पडले, बंदोबस्त वाढला की आठ तासांचे बारा होतात, हे पोलीस वसाहतीतील प्रत्येक घराला ठाऊक आहे. घराचा प्रश्नही तसाच. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींत पिढ्या काढलेल्या पोलीस कुटुंबांना पुनर्विकासात १५ लाख रुपयांत घर देण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. आधी ठरलेली किंमत ५० लाख होती. निवृत्तीच्या दिवशी ‘आता राहायचे कोठे?’ ही चिंता ज्याला आहे, त्याच्याकडून ऐन प्रसंगी जीव पणाला लावण्याची अपेक्षा समाज बिनदिक्कत करतो. हा व्यवहार एकतर्फी आहे.

सैन्यातून पोलिसांत येण्याची वाट आज कशी आहे?

ओंबळे यांच्यासारखे हजारो जवान मध्यम वयात निवृत्त होतात आणि दुसरी नोकरी शोधतात. राज्याच्या पोलीस भरतीत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. शिस्त, शस्त्रांची सवय आणि दबावाखाली डोके शांत ठेवणे या गोष्टी ते तयारच घेऊन येतात. सरकारला त्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. तरीही पोलीस दल त्यांना नव्या शिपायासारखेच वागवते. सिग्नलमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला नियंत्रण कक्षात किंवा दळणवळण शाखेत, शस्त्रास्त्रांत मुरलेल्याला प्रशिक्षण केंद्रात नेमणे, एवढा साधा विचार नियमाने झाला तर त्याचा फायदा दलालाच होईल.

हा प्रश्न पुढे मोठा होणार आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर सैन्यात कायम होतात, बाकीचे घरी येतात. त्यांना निवृत्तिवेतन नाही आणि ‘माजी सैनिक’ हा दर्जाही नाही. त्यामुळे सध्याचे आरक्षण त्यांना आपोआप लागू होत नाही. साताऱ्यासारख्या जिल्ह्यांत ही तरुण मुले गावागावांत परतू लागतील तेव्हा त्यांच्यापुढे पोलीस दलाची वाट मोकळी आहे की नाही, हे सरकारने आधी ठरवून ठेवायला हवे. ओंबळे ज्या वाटेने गेले ती वाट बंद करून त्यांचा पुतळा उभारणे शोभणारे नाही.

मग केडंबेचे स्मारक कसे असावे?

काही जण म्हणतील, १३ कोटी पुतळ्यावर घालवण्यापेक्षा त्यात जाकिटे घ्या. हा युक्तिवाद सोपा आहे, पण पुरेसा नाही. समाजाला स्मृतीची गरज असते आणि जाकिटांचे पैसे गृह खात्याच्या नेहमीच्या तरतुदीतून यायला हवेत, शहिदाच्या वाट्यातून नव्हे. लडाखमधील हॉट स्प्रिंग येथे १९५९ मध्ये मारल्या गेलेल्या १० जवानांच्या स्मरणार्थ देशभर २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन पाळला जातो, पण दिल्लीत राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहायला २०१८ साल उजाडले. पोलिसांच्या स्मृतीबाबत आपण उदार आहोत असे म्हणण्यासारखी परिस्थिती नाही. स्मारक व्हावेच.

ते कशाचे व्हावे, एवढाच मुद्दा आहे. हार घालून फोटो काढण्याची जागा वर्षातून एकदा उघडते. केडंबेच्या स्मारकात सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींसाठी धावपट्टी, अभ्यासिका आणि मार्गदर्शन असेल, तर ते वर्षभर जागे राहील. तेथे ओंबळे यांच्या आयुष्याची मांडणी चौपाटीच्या रात्रीपासून सुरू न होता केडंबेपासून, सिग्नल कोअरपासून आणि १९९१ च्या शिपायापासून सुरू व्हावी. त्याच भिंतीवर मोरे, खांडेकर, शिंदे, पवार आणि त्या रात्री पडलेल्या प्रत्येकाचे नाव, हुद्दा आणि गाव असावे.

अशोक चक्र ओंबळे यांना एका क्षणाच्या शौर्यासाठी मिळाले. पण तो क्षण आकाशातून पडला नव्हता. त्यामागे सैन्यातली कवायत होती, पोलीस ठाण्यातल्या हजारो निरस पाळ्या होत्या, बंदोबस्तात गेलेल्या दिवाळ्या आणि गणपती होते. लोकसेवा म्हणतात ती बहुतेक वेळा अशीच असते, कोणाच्या लक्षात न येणारी. शहीद झाल्यावर मान देणे राज्याला जमते. आज रात्री एखाद्या नाक्यावर उभ्या असलेल्या सहायक फौजदाराला योग्य साधने, सराव, झोप आणि घर देणे हे त्याहून अवघड काम आहे. ओंबळे यांच्या नावाने दर नोव्हेंबरला त्याचाच हिशोब मागितला गेला पाहिजे.